आवाजाला सालीचं कापड

तादेओ लुब्वामाला सुखानं टीव्ही बघताच यायचा नाही. पडदा उजळला की त्याला फक्त चुका दिसायच्या. बातम्या देणाऱ्या पोरीचे ओठ आधी हलतायत आणि शब्द मागून येतायत. जाहिरात लागली की आवाज अंगावर धावून येतोय. मालिकेखालच्या लुगांडा भाषेतल्या ओळींतून अक्षरं गळून पडलीयत. असलं काही दिसलं की शेंगदाण्याच्या कालवणात बुडवलेला माटोकेचा, म्हणजे उकडलेल्या हिरव्या केळ्यांचा घास तसाच हातात राहायचा. त्याची बहीण म्हणायची, "जेव रे बाबा. टीव्हीला ताप आलेला नाही, नाडी कसली बघतोस?"

आणि हा माणूस नोकरीला कुठे, तर एन्केरा टीव्हीत. प्रसारणाचा इंजिनियर. म्हणजे पोटदुख्याला आचारी केल्यातली गत.

त्याचं सगळ्यात जुनं दुखणं घड्याळाचं. आमच्याकडे तास उजाडल्यापासून मोजतात. सकाळी सातला एक वाजतो आणि दुपारी चारला दहा. आज्या-पणज्यांपासून चालत आलंय, कुणाचं काही अडलेलं नाही. पण एन्केराच्या पडद्यावर कोपऱ्यात चार दिसायचे आणि बोलणारा तोंडानं दहा म्हणायचा. तादेओला ते खपायचं नाही. मॅनेजर बिरुंगी मॅडमना त्यानं इतके मेसेज धाडले, की एकदा त्यांनी त्याला ऑफिसच्या ग्रुपमधून हाकललं होतं.

"मॅडम, एकाच पडद्यावर सहा तासांचा फरक! जगात कुठं असतं असं?"

"लोक मयताला वेळेवर पोचतात का?"

"पोचतात."

"मग तुला कुठं जायचंय?"

लोक बरोबर पोचायचे, हीच तर त्याची जळजळ.

दुसरं दुखणं म्हणजे सालोंगो मुत्याबा. जुळ्यांचा बाप म्हणून सालोंगो, बायको नालोंगो. त्यांना नुसत्या नावानं हाक मारायची कुणाची छाती नव्हती. न्देएबा वस्तीतल्या पत्र्याच्या व्हिडिओ शेडमध्ये या माणसानं उभी हयात काढली. पडद्यावर परदेशी सिनेमा चालायचा आणि बाजूला मायक्रोफोन घेऊन मुत्याबा तो लुगांडात सांगत सुटायचे. अशा माणसाला आमच्याकडे वीजे म्हणतात. खलनायक आला की त्याला वस्तीतल्या घरमालकाचं नाव. नायक वाट चुकला की "बघा, ओविनो बाजारात बायको हरवल्यासारखा फिरतोय." लोक सिनेमा कोणाचा असं विचारायचेच नाहीत. विचारायचे, सांगणारा कोण? मुत्याबा? मग तिकीट काढ.

शेड ओस पडायला लागल्या तेव्हा एन्केरानं त्यांना संध्याकाळच्या मृत्यूच्या घोषणा वाचायला ठेवलं. ज्या घरी मयत झालं ते घर त्या वेळी टीव्हीचा आवाज चढवून गप्प बसतं. कोण गेलं, दफन कुठं, कळवायचं कुणाला, प्रत्येक नात्याचं नाव. ज्याचं नाव राहिलं तो वर्षानुवर्षं धुसफुसतो. काम जोखमीचं, आणि मुत्याबा ते करताना मध्येच थांबायचे. सुस्कारा टाकायचे. "ओह्. या बाईंना मी ओळखत होतो. त्यांच्या दारावरून उपाशी कुणी गेला नाही." घोषणा लांबायची, पुढची जाहिरात कापली जायची आणि तादेओच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"सालोंगो, कागदावर आहे तेवढंच वाचा हो!"

"कागदावर माणूस मावतो का, इंजिनियर?"

"वेळेत मावायला हवा."

"तू मेलास की तुझं वेळेत वाचीन. सुस्कारा टाकणार नाही, वचन देतो."

अख्खी कंट्रोल रूम हसली. तादेओ नाही हसला.

तेव्हा बाहेरदेशीच्या एका कंपनीनं बोलणारं यंत्र विकायला आणलं. माणसाचा आवाज भरपूर रेकॉर्ड करायचा. पुढे काहीही टाइप करा, त्याच आवाजात वाचून दाखवणार. मॅडमचे डोळे चमकले. तादेओचे जास्त चमकले. थांबणं नाही, सुस्कारे नाहीत, शब्दाला शब्द! मुत्याबा त्या वर्षी फार खोकत होते. तादेओनं त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, आलं घातलेला चहा पाजला, आणि आकडे, गावं, कुळांची नावं असं सगळं त्यांच्याकडून वदवून घेतलं. म्हाताऱ्यानंही मजेत दिलं. "घे पोरा. मी आजारी पडलो की हा माझा धाकटा भाऊ कामावर येईल." कागद आले, मुत्याबांची सही झाली.

धाकटा भाऊ कामावर आला आणि थोरल्याला घरी बसवलं. कामगाराचा हात कापून नेला तर निदान पोलीस तरी येतात. गळा काढून नेला तर नुसती सही घेतात.

आणि तादेओ? अक्षर गळालं तर रान पेटवणारा माणूस, इथं माणूस गळाला तरी गप्प. तो आपलं यंत्र घासूनपुसून घेत होता. खालच्या खिडकीवर लोक घोषणा देणार, पोरगी टाइप करणार, तिथून थेट प्रसारणात. मध्ये कुणाचा हात लागायला नको, ही त्याचीच अक्कल. आणि त्याचा त्याला अभिमान होता.

त्या संध्याकाळी तो पडद्यांसमोर बसून चपाती-अंड्याची गुंडाळी खात होता. घोषणा सुरू झाल्या. माकिंद्येच्या एक बाई. मसाकाचे एक मास्तर. मग नेहमीच्या त्या भरदार, जराशा घोगऱ्या आवाजात:

"सालोंगो मुत्याबा, पूर्वीचे वीजे, राहणार न्देएबा, यांचं निधन झालं आहे. दफन उद्या दहा वाजता, म्पिगीजवळ, त्यांच्या कुळाच्या जागेत."

तादेओचा जबडा चावता चावता थांबला.

"त्यांच्या पत्नी नालोंगो, जुळ्या मुली बाबिर्ये आणि नाकातो, तसंच सर्व मित्रांना कळवण्यात येतं की…"

कुठे थांबणं नाही. सुस्कारा नाही. म्हातारा आपल्याच मरणाची बातमी टोमॅटोचा भाव सांगावा तशी सांगत होता. हातातली गुंडाळी बटणांवर पडली. आवाज बंद करायला त्यानं हात उचलला आणि तो तसाच हवेत राहिला, कारण मृत्यूची घोषणा मध्येच तोडायची नाही हे त्याच्या हाडात भिनलेलं. गेलेल्याचं नाव अर्धं टाकत नाहीत. अगदी शेवटच्या नावापर्यंत मुत्याबांनी मुत्याबांना वाचलं. मग साबणाची जाहिरात लागली. वेळेवर.

फोन वाजला. नालोंगो.

"इंजिनियर."

"नालोंगो, मला… मला माहीतच नव्हतं की सालोंगो…"

"घर माणसांनी भरलंय. आम्ही टीव्ही मोठा करून बसलो होतो, सगळ्यांची नावं येतात का बघायला." तिचा आवाज कोरडा ठणठणीत होता. "माझी नणंद किंचाळत अंगणात पळाली. नाकातो आतल्या खोलीत गेली, बाप उठून बसला का बघायला. कळतंय का तुला? पोरीनं बापाच्या तोंडावरचं कापड काढून बघितलं. माझ्या नवऱ्याला त्याच्याच मयताची दवंडी पिटायला लावलीस?"

तादेओनं पडद्यांचा आवाज बारीक केला.

"उद्या आम्ही त्याला झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून खाली ठेवणार. माणूस खाली आणि आवाज वर, हे माझ्या घरात चालणार नाही. अर्धा माणूस पुरला तर त्याचं सुतक फिटत नाही. शेवटचा विधी होत नाही, वारस बसत नाही. माझं घर उघडं पडेल. त्याला मातीत घालायच्या आत तो आवाज मला आणून दे."

तिनं फोन ठेवला, तोच बिरुंगी मॅडम धावत आल्या. चेहरा उतरलेला. "अरे देवा, हे काय झालं? कुणी लावलं हे?"

"यंत्रानं, मॅडम. मी जोडलेल्या."

मॅडम खुर्चीत बसल्या. खरोखर हादरल्या होत्या, खोटं कशाला बोला. पण हातातला फोन थरथरायला लागला. त्यांनी बघितलं. परत बघितलं. उतरलेला चेहरा हळूहळू भरत गेला.

"तादेओ… लोक पुढे पाठवतायत. सगळीकडे आपलंच चाललंय. बातम्या संपल्या की परत लाव."

"काय लावू?"

"हेच. खाली एक ओळ टाक, लाडक्या वीजेचा अखेरचा निरोप."

"मॅडम, त्यांच्या पोरीनं प्रेतावरचं कापड काढून बघितलंय."

"वाईटच झालं ते. हार पाठवू आपण. पण माणूस गेलाय, आवाज आपला आहे. सही आहे."

आवाज आपला आहे! इतक्या सरळ चेहऱ्यानं म्हणाल्या, की ऐकून तादेओचे कान बधिर झाले. मग त्याला आठवलं. हेच तर तो महिनोन्महिने म्हणत होता. आपला आवाज, आपलं यंत्र, आपली वेळ.

मॅडम फोनवर बोलत बाहेर गेल्या. तो उठला, मागच्या खोलीत गेला, यंत्राच्या पोटातली, मुत्याबांचा आवाज साठवलेली डिस्क उपसली आणि शर्टाच्या आत घातली. मग खालच्या खिडकीवरून घोषणांचे कागद घेऊन काचेच्या खोलीत जाऊन मुत्याबांच्या खुर्चीत बसला. खुर्ची म्हाताऱ्याच्या मापाची, एका बाजूला खचलेली.

बातम्या संपल्या आणि आमच्या अख्ख्या मुलखानं एक चिरका, घाबरा आवाज ऐकला. तादेओ अडखळला. माकिंद्येच्या बाईंचं कूळ चुकलं, परत पहिल्यापासून वाचावं लागलं. मसाकाच्या मास्तरांचं गाव घशात अडकलं. मग मुत्याबांचं नाव आलं. "दफन उद्या दहा वाजता," तो म्हणाला, आणि कोपऱ्यातल्या घड्याळाची त्याला आठवणसुद्धा झाली नाही.

तो थांबला.

कागद संपला होता. हा थांबूनच होता.

"ओह्," तो शेवटी म्हणाला. "ह्यांना मी ओळखत होतो. मघाशी जो ऐकलात तो आवाज त्यांचा होता, पण ते बोलत नव्हते. ते बोलले असते तर मध्ये थांबले असते."

जाहिरात कापली गेली. काचेपलीकडे मॅडम दोन्ही हातांनी काहीतरी सांगत होत्या. काय ते सांगायला इंजिनियर लागत नाही. नोकरी त्याच रात्री गेली.

दुसऱ्या दिवशी म्पिगीच्या रस्त्यानं तो गेला. कुळाच्या जागेत केळीच्या बागेमागे खड्डा तयार होता. पायघोळ पांढऱ्या कांझूतले बाप्ये एकीकडे, बायका गोमेसी नेसून जमिनीवर बसलेल्या. जो येतो तो सालीचं एक तांबूस कापड घेऊन येतो, तशी कापडांची चळत लागलेली. तादेओनंही एक आणलं होतं. मग शर्टाच्या आतून डिस्क काढून त्यानं नालोंगोपुढे धरली.

"ह्यात आहेत, नालोंगो."

तिनं ती हातात घेतली आणि वजन बघितलं. "सगळा?"

आता इथं दुसरा कुणी असता तर हो म्हणाला असता. सगळ्या माना त्याच्याकडे वळलेल्या, बाई रडून दमलेली. हो म्हणायला जीभ किती हलवायची? पण चुकीचं काही तसंच सोडणं या माणसाला जन्मात जमलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "यंत्रवाल्या कंपनीकडे प्रत आहे. बाहेरदेशी. त्यांनी ती आणखी कुणाला दिलीय, मला माहीत नाही."

कुळातला एक म्हातारा दातओठ खाऊन पुटपुटला, "मेल्याच्या दारात खोटं तरी बोलायचं होतंस, गाढवा."

नालोंगोनं तादेओच्या कापडाची पट्टी फाडली, डिस्क तीत गुंडाळली, गाठ मारली आणि खड्ड्यात उतरलेल्या पुतण्याकडे दिली. "गळ्याशी ठेव."

माती पडली. नालोंगो गोमेसीला हात पुसत तादेओपाशी आली.

"खोटं बोलला असतास तर सुतक फिटलं म्हणून मी निवांत झोपले असते," ती म्हणाली. "आता झोप नाही. तुलाही नाही. उरलेला घेऊन ये. तोवर माझ्याकडे सांत्वनाला यायचं नाही."

परतीच्या टॅक्सीत, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या बसमध्ये, चौदा जणांच्या जागी वीस कोंबलेले. तादेओ दाराशी, गुडघ्यावर कुणाची तरी कोंबडी. नखांत कबरीची लाल माती होती. ड्रायव्हरनं रेडिओ लावला. आधी गाणं, मग जाहिरात.

"भरपूर फेस, थोडी मेहनत! आया-बायांनो, आजच घ्या…"

भरदार. जरासा घोगरा.

तादेओ ताठ झाला. कोंबडी फडफडली. त्यानं आसपास बघितलं. कुणाला काही नाही, एक बाई तर मान डोलावत होती. अजून माती सुकली नव्हती, आणि सालोंगो मुत्याबा कपड्याचा साबण विकत होते.

"ऐकलंत?" ड्रायव्हर आरशातून हसला. "मुत्याबा! काल काय ते टीव्हीवर मेल्याबिल्याचं सांगत होते. म्हातारा तर ठणठणीत आहे!"

"चूक आहे," तादेओ म्हणाला.

"काय चूक आहे?"

"मी आत्ता त्यांच्यावर माती टाकून आलोय." त्यानं हात पुढे करून नखं दाखवली. गाडीतलं हसणं बसल्या जागी मेलं. मान डोलावणाऱ्या बाईनं तोंडावर हात घेतला. रेडिओवर म्हातारा फेसाचं कौतुक करतच होता.

"सेबो, साहेब, मग हे… हे कोण बोलतंय?" ड्रायव्हरनं घाबरून विचारलं आणि रेडिओ बंद करायला हात नेला.

"बंद करू नका," तादेओ म्हणाला. "कुठलं स्टेशन आहे ते सांगा. आणि त्यांच्या दारात उतरवा मला."