सरांच्या कानात सांगायची सिद्धता

"पेटी त्यालाच उचलू द्या. हमालाचा मुलगा आहे, ओझ्याची सवय आहे."

सर हे पाहुण्या प्राध्यापकांना सांगत होते. माझ्यासमोर. पाहुणे हसले. मीही हसलो. माझी शिष्यवृत्ती सरांच्या सहीवर चालत होती.

पेटीत माझ्या प्रोग्रामची भोकं पाडलेली कार्डं होती. नागपुरात तेव्हा संगणकाला असंच भरवावं लागे. एका समीकरणाची उत्तरं शोधायची होती; साध्या पूर्णांकांत नव्हे, त्यांत उणे पाचचं वर्गमूळ मिसळून होणाऱ्या संख्यांत. यंत्र सांगाल तितकं शोधतं. पण कुठे थांबायचं, आणि त्यापलीकडे उत्तर नाहीच, हे माणसाला सिद्ध करावं लागतं. ते मी केलं होतं. छापायला जायच्या निबंधावर नाव मात्र एकट्या सरांचं. तळाशी माझे आभार, 'यांत्रिक साहाय्याबद्दल'.

विभागाची एक रीत होती. व्याख्यानात सर बोलत, मी फळ्यावर लिही. "तुमचे उच्चार पाहुण्यांना झेपायचे नाहीत." अडचणीचा प्रश्न आला की सर फळा पुसायला म्हणून जवळ येत. मी कुजबुजायचं. मग ते वळून विद्वान होत.

संध्याकाळी बापाला सांगितलं. तो गांधीबागेच्या कापडबाजारात दिवसभर गठ्ठे वाहून आला होता.

"हमाल म्हटलं त खोटं काय म्हटलं गा? हमालच आहो मी. पण मले मजुरी भेटते. तू त्याचं ओझं फुकट काहून वाहून राहिला?"



दुसऱ्या दिवशी व्याख्यानात पाहुण्यांनी विचारलं, "यंत्रानं शोधलं त्यापलीकडे उत्तर नाही, हे कशावरून?"

सर डस्टर घेऊन आले. कान पुढे केला.

मी खडू ठेवला. लोकांकडे तोंड केलं.

"सिद्धता माझी आहे. मी सांगतो."

"खाली बसा."

बसलो नाही. उच्चार होते तसेच होते. शेवटच्या ओळीपर्यंत सांगितलं. टाळी एकही पडली नाही. पाहुण्यांनी सगळं उतरवून घेतलं आणि सरांसोबत चहाला गेले.

नंतर सरांनी खोलीत बोलावलं. "माझी सही विसरा. असा पोरगा मला उद्या दुसरा मिळेल."

"भेटन," मी म्हणालो. "त्यालेही मी सांगीन, ओझं फुकट वाहू नको."

शिष्यवृत्ती बंद झाली. सावनेरच्या शाळेत नोकरी धरली. सिद्धता माझ्या एकट्याच्या नावानं छापायला पाठवली. परत आली. पुन्हा पाठवली आहे. परत आली तर पुन्हा जाईल. कोण आधी दमतं, बघू.