माझ्या मतपत्रिकेवरचा क्रम

दहावीच्या वर्गात मी राज्याचं विधिमंडळ शिकवत होते. फळ्यावर दोन चौकोन. एकात विधानसभा, दोनशे अठ्ठ्याऐंशी. दुसऱ्यात विधान परिषद, अठ्ठ्याहत्तर. "परिषदेतली साधारण बाराव्या हिश्शाची माणसं पदवीधर निवडून देतात," एवढं बोलले आणि दारात संस्थेचे सचिव. त्यांना सगळे दादा म्हणतात.

"बाई, चिठ्ठी घ्या."

पदवीधर मतदारसंघाची निवडणूक होती. त्यात बटण नसतं. उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीचे आकडे लिहायचे. चिठ्ठीवर चार नावं होती, एक ते चार आकड्यांसकट. पहिली पसंती आम्हा सगळ्या शिक्षकांना एकच, संस्थेचा माणूस. दुसरी, तिसरी, चौथी मात्र प्रत्येकाला वेगळी. म्हणजे मोजणीच्या टेबलाशी बसलेल्या त्यांच्या माणसाला क्रम बघून कळावं, हा कागद कुणाचा.

मी हळूच विचारलं, "दादा, मत गुप्त असतं ना?"

ते मुलांकडे वळले. "काय रे, तुमच्या बाईंची फी आपण गुप्त माफ केली होती का? स्टेजवर बोलावून केली. पदवी आमची, मग मत हिचं कसं?"

मुलं हसली. मीही हसले. माझं ते हसणं मला अजून बोचतं.

कारण ते बोलले त्यात खोटं काही नव्हतं. गोखिवऱ्यातल्या याच संस्थेत मी शिकले. बाबा मिठागरात कामाला. दर सव्वीस जानेवारीला मला स्टेजवर उभं करायचे, मी कुठून आले ते सांगायला लावायचे. मी सांगायचे. मनापासून. घरातली पहिली पदवी माझी आणि नोकरीही त्यांनीच दिली. माझी मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात. मतदार नोंदणीचा अर्जसुद्धा त्यांनी भरलेला. माझी फक्त सही.

स्टाफरूममध्ये सावंत सर चिठ्ठी खिशात घालत म्हणाले, "मत कसलं हो, हजेरी आहे ती. लावायची आणि घरी जायचं." सगळे हसले. चिठ्ठी कोणी परत केली नाही.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाय, त्यांनी तुला मानूस केलं. सांगतील तं लिव." उपकार त्यांच्याही मानेवर होते.

रविवारी पुढचा पाठ काढायला बसले. इंग्रजांच्या काळात मुंबई प्रांताच्या कायदेमंडळासाठी सगळ्यांना मत नव्हतं. शेतसारा भरणारे, मालमत्तावाले, शिकलेले, अशांनाच. हे वाक्य मी तीन वर्षं मुलांकडून पाठ करून घेत होते, मार्कांसाठी. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यात पणजोबा दिसले. गुडघाभर खाऱ्या पाण्यात, मीठ ओढताना. त्यांच्याकडे जमीन नव्हती, अक्षर नव्हतं, म्हणून मत नव्हतं. माझ्याकडे अक्षर आहे, मतही आहे. आणि ते लिहायचं मालकाच्या क्रमाने.

मतदानाला संस्थेच्या बसने नेलं. केंद्रावर जांभळं स्केचपेन हातात दिलं. पुठ्ठ्याच्या आडोशाला मी एकटीच होते, तरी पाठीवर कुणाचे तरी डोळे आहेत असं वाटत होतं. एका शिक्षिका उमेदवाराचं पत्रक मी नीट वाचलं होतं. विनाअनुदानित शाळांतल्या आमच्यासारख्यांबद्दल तिने त्यात लिहिलं होतं. तिच्या नावापुढे एक लिहिला. बाकी रकाने कोरे ठेवले.

संस्थेचा माणूस आरामात निवडून आला. तरी दादांनी मला ऑफिसात बोलावलं.

"तुझा क्रम कुठे दिसला नाही."

"दिसणार नाही, दादा. मी तो लिहिलाच नाही."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "माफी लिही. नाहीतर राजीनामा. चार ओळींचं काम आहे."

मी कागद परत त्यांच्याकडे सरकवला.

"दोन्ही लिहिणार नाही. काढायचं तर तुम्ही काढा. का काढलं ते लिहून द्या, संस्थेच्या शिक्क्यानिशी."

आता माझे वर्ग काढून घेतलेत. ग्रंथालयातल्या एका खुर्चीवर दिवसभर बसवून ठेवतात. शिपाईसुद्धा माझ्याशी बोलायला बिचकतो. प्रमाणपत्रं अजून त्यांच्याच कपाटात, त्यामुळे दुसरीकडे अर्जही करता येत नाही. ती परत मिळावीत म्हणून मी लेखी मागणी केली आहे. पोच घेतली आहे.

मला कशासाठी काढायचं, हे त्यांना स्वतःच्या हाताने लिहावं लागेल. तोवर मी रोज वेळेवर येऊन बसणार.