सीटच्या नळीतली वाळू

काल पिपरीच्या मिस्त्रीनं माझ्या जुन्या सायकलची सीट उपसली, तर नळीतून चिमूटभर वाळू त्याच्या तळहातावर पडली.

ती पाहिली अन् मी थेट कोकणात पोचलो. नव्वदच्या दशकात मी आणि सिंदीचा माझा दोस्त दिलीप रेल्वेत सायकली टाकून तिकडे गेलो होतो. सकाळपासून किनाऱ्यानं सायकली हाणल्या, दुपारी ओल्या वाळूवर त्या आडव्या टाकल्या आणि वर माडांच्या सावलीत झोपलो. जाग आली तेव्हा सायकलींच्या जागी समुद्र होता.

"अबे, हा तं इकडंच येऊन राह्यला!" दिलीप ओरडला. माझी तर नवीकोरी होती. कमरेइतक्या पाण्यात पायांनी चाचपडत आम्ही दोन्ही सायकली ओढून काढल्या. मासे वाळवणारी एक बाई हसत म्हणाली, "भरती ठाऊक नाही? कुठले रे तुम्ही?"

"वर्ध्याकडचे जी, मावशी," दिलीप म्हणाला. "आमच्या तळ्याचं पाणी जागचं हलत नाई."

तेव्हा साखळीतून गळणारं खारं पाणी पाहून मला रडू येत होतं. काल त्याच सायकलीपाशी मी एकटाच हसत उभा होतो.

"पुरी गंजली भाऊ, भंगारात देऊन टाका," मिस्त्री म्हणाला.

मी त्याच्या हातावरची वाळू परत नळीत ओतली. "सीट तेवढी बसवून दे."