माया न सोडलेला ब्लाऊज

घाटकोपरच्या भटवाडीत कमलताईंनी शिवलेला ब्लाऊज अंगात घातला की बाई आरशापुढून हलत नाही. त्यांचा नेम एकच. आतल्या शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं, म्हणजे माया, सोडायचीच. बाई पुढं अंगानं भरली तर उसवून सैल करता यावा. "ब्लाऊज दहा वर्षं टिकला पाहिजे, तू तर टिकणारच आहेस," असं गिऱ्हाइकाला ऐकवायच्या.

लेकीचं, तेजलचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. स्वतःचं माप घेताना टेपखाली डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ हाताला लागली. काय म्हणावं या बाईला! जगाला शहाणपण शिकवणार, अन् स्वतःवर आलं तर तोंडाला कुलूप. लग्न होऊ दे, मग बघू, म्हणत आठ दिवस कुणापाशी चकार शब्द काढला नाही. शिवण मात्र चालूच.

नवव्या दिवशी तेजल आईच्या ब्लाऊजला हूक लावायला बसली. ब्लाऊज उलटा केला आणि तिचे हात थांबले.

"आई, माया कुठंय गं? अगदी कडेला शिलाई मारलीयस."

"कशाला हवी? लग्नापुरता तर घालायचाय."

"म्हणजे? नंतर तू कुठं जाणारेस?"

झालं! कमलताईंना रडूच कोसळलं, आणि सगळं बाहेर आलं. तेजल आधी चिडली, मग तीही रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला दंडाला धरून दवाखान्यात घेऊन गेली.

आधी मॅमोग्राफी झाली, मग सोनोग्राफी. डॉक्टर शर्मिष्ठांनी स्क्रीन त्यांच्याकडं वळवला. "हा काळा गोल बघा. कडा साफ, आत नुसतं पाणी. साधी पाण्याची गाठ आहे, चाळिशीत कितीतरी जणींना होते. कॅन्सर नाही, आणि हिचा पुढं कॅन्सर होतही नाही. फार दुखली तर सुईनं पाणी काढू, नाहीतर काही करायची गरज नाही."

"मग आठ दिवस मी फुकटच मेले म्हणा की!"

"सगळ्याच गाठी अशा नसतात, ताई. नवी लागली किंवा हीच वाढली, तर घरात लग्न असो नाहीतर बारसं, लगेच दाखवायचं."

येताना कमलताईंनी त्याच रंगाचा नवा ब्लाऊजपीस घेतला. घरी आल्या आल्या, चहासुद्धा न घेता, खडू हातात घेतला.

"आई, चार बोटं? एवढी माया कुणी सोडतं का?"

"असू दे गं. तुझ्या लेकीच्या लग्नात उसवायला लागेल," कमलताई म्हणाल्या, आणि कात्री चालवली.