पाणी सोडण्याआधी

आमच्या तळ्याचा दरवाजा उघडणाऱ्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. उन्हाळी वायंगण भाताला पाणी सोडायचं असलं की दरवाजाच्या चक्राला हात लावण्याआधी तो काठाकाठाने माझ्या शिडाच्या होडीपर्यंत येतो. खिशात अर्धा उंडा पाव असतोच. मी शेजारी उभा असलो तरी बोलतो होडीशी. "बाये, आज पाणी उतरतलां, जरा भितर सर."

पहिल्या वर्षी मी होडी काठालाच आखूड दोराने बांधून गेलो होतो. मी खाडीकाठचा. ओहोटीला चिखलात बसलेली होडी भरतीला आपोआप उठते, एवढंच मला ठाऊक. तळ्यातलं पाणी एकदा उतरलं की पावसापर्यंत येत नाही, हे डोक्यातच आलं नाही. परतलो तेव्हा हा छातीभर पाण्यात होडी आत ओढत होता आणि शेतकरी पाटावर खोळंबले होते.

"लोक थांबलेत," मी ओशाळून म्हटलं.

"शेतां अर्धो तास रवतली. हिचां पोट खडकार फाटलां तर कोण शिवतलो?"

आता मला सगळं जमतं. गेल्या वर्षी एकदा मीच होडी आधी खोल पाण्यात नेऊन ठेवली, तर तो काठावर उंडा चघळत उगाच रेंगाळला, चेहरा पाडून.

तेव्हापासून पाणी सोडायच्या दिवशी मी होडी मुद्दाम उथळातच ठेवतो.