पळीभर भ्याव

“किती?” मावशी विचारायच्या. एवढंच. पुढचं पोरींना पाठ होतं.

“पळीभर,” एखादी म्हणायची. “वाटीभर,” दुसरी.

मोजणी भीतीची चाललेली असायची. डोंगरकडा गावाजवळच्या आमच्या शाळेत मावशी खिचडी शिजवायच्या, म्हणून भीतीलाही त्यांनी भांडीच लावली. पळीभर भ्यालेली पोरगी नाचातल्या मनोऱ्यावर चढायची. वाटीभर भ्यालेलीही चढायची, पण मावशी तिच्या बराबर खाली उभ्या. पातेलंभर म्हणाली की त्या दिवशी तिनं मावशींशेजारी बसून तांदूळ निवडायचे, कुणी हसायचं नाही. आणि “मी भ्याले न्हाई” म्हणणारीलाही तांदूळच.

“जिला भ्याव न्हाई, तिचा पाय जागेवर न्हाई,” मावशी म्हणायच्या.

आता खिचडीवाली बाई नाचाची मास्तर कशी झाली, असं तुम्ही विचाराल. खेळाचे सर बदलून गेले होते. पोरींनी मोबाइलवर बघून नाच बसवला, शेवटाला तीन थरांचा मनोरा. तो दिवसातून सतरा वेळा ढासळायचा. एकदा चुलीपासून मावशी ओरडल्या, “अगं, टाच आत घे. म्हशीवानी काहून उभी राहून राहिली?” पोरीनं टाच आत घेतली आणि मनोरा उभा. मावशी मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. कळपातलं कोणतं जनावर कोणत्या पायानं अधू आहे, ते त्यांना पल्याडच्या शिवारातून कळायचं. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी पोरी त्यांच्या हवाली केल्या.

मी स्पीकरवाला. माझ्या स्पीकरवर सिद्धेश्वर धरणातले मासे ठेका धरतात. कळमनुरीच्या बाजारात एका म्हाताऱ्याचा बहिरेपणा गेला, तो अजून मला शिव्या घालतो, कारण आता त्याला सुनेचं बोलणं ऐकू येतं. तर गाणं लावायचं काम माझं. त्यावर मावशींचा एकच नियम: गाणं बंद पडलं की जी जिथं असेल तिनं तिथून खाली उतरायचं. विचारायचं नाही.

हिंगोलीला जिल्ह्याची स्पर्धा होती. पहिला येणारा संघ संभाजीनगरला जाणार. आमच्या शाळेतलं कुणी परभणीपलीकडं गेलेलं नव्हतं. मनोऱ्याच्या टोकाला नाजिया, बांगडीवाल्याची लेक, वजनानं चिमणीएवढी. पाळी यायच्या आधी ती माझ्या वायरींपाशी आली.

“काका, आज पातेलं हाय.”

मी हसलो. “पातेलं म्हनलीस तर सगळ्याजणी आल्या पावली घरी. पळी म्हन. वर गेलं की भ्याव आपोआप उतरतंय.”

यातलं मला काय कळत होतं? मी स्टुलावर चढलो तरी घरचे खाली गादी टाकतात.

मावशींनी विचारलं, “किती?”

“पळीभर,” नाजिया म्हणाली.

मावशींनी मान हलवली. डावीकडची एक पोरगी वाटीभर म्हणाली होती. मावशी तिच्याखाली जाऊन उभ्या राहिल्या.

गाणं सुरू झालं. पहिला थर लागला, दुसरा लागला. नाजिया वर गेली आणि तिथंच वाकलेली राहिली. तिचा उजवा गुडघा शेळीच्या कानासारखा फडफडत होता. खालच्या पोरीचे केस तिनं मुठीत धरले, त्या पोरीचा खांदा हलला, मग शेजारचीचा. खाली फरशी आणि एक सतरंजी. मावशी डाव्या बाजूला, पोरगी उजवीकडं झुकत चाललेली. त्या भरल्या सभागृहात कारण एकट्या मला माहीत होतं. बिबट्याला स्पीकरनं पळवल्याची गोष्ट मी गावभर सांगतो, पण त्या वेळी माझ्या तोंडातून हाकही निघेना. हात तेवढा चालला. मी गाणं बंद केलं.

नियम म्हणजे नियम. पोरी थरथरत का होईना, एकेक करून उतरल्या. नाजिया एकीच्या पाठीवरून घसरत जमिनीला लागली आणि उभी राहिली. परीक्षकांनी नाच अर्धवट म्हणून आमचं नाव काटलं.

“लाइट गेली,” मी मोठ्यानं म्हणालो.

आठवड्यानं मुख्याध्यापकांनी सांगितलं, मावशी आता मनोरा लावणार नाहीत, ‘माझी नजर गेली’ असं त्या म्हणतात. मी मावशींच्या घरी गेलो. त्या शेळीला पाला टाकत होत्या. मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं, मीठमसाला न लावता.

“ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “लाइट गेली म्हनता आन् डोक्यावर पंखा फिरून राहिला.”

“मंग माझ्या अंगावर काहून आल्या न्हाईत, मावशी?”

“तुमी बंद केलं म्हनून लेकरू जितं हाय. तुमाला काय बोलू?” त्यांनी पाल्याची काडी मोडली. “पन भाऊ, तिनं पळी म्हनलं अन् मी शब्द धरला. पाय पाह्यला न्हाई. खालून पाह्यचं काम माझं होतं.”

“एक डाव चुकलं, मावशी.”

“पोरगी एकच होती.”

पुढं त्या लेकीकडं राहायला गेल्या. खिचडी आता दुसरी बाई शिजवते. नाचाला नवे सर आलेत, चांगले आहेत, गाणं स्वतःच्या मोबाइलवरून लावतात. त्यामुळं मला तिथं काही काम नाही. तरी मनोरा लागायच्या वेळी मी जातो आणि खाली उभा राहून पोरींचे पाय बघतो. लोक टाळ्या वाजवतात तेव्हा कळतं, टोकाची पोरगी सरळ उभी राहिली. मान वर करून ते बघायची माझी छाती अजून झालेली नाही.