काळ्या बटणांची बाजू

रविवारी दुपारी चार रिकामटेकडे एका टेबलाशी बसले की किस्से आपोआप साचतात. आमचं टेबल म्हणजे मुलचेऱ्यातल्या सलीमभाईंच्या टेलरिंगच्या दुकानातलं, कापड कापायचं. त्यावर खडूनं काढलेलं एक राज्य. पांढरी बटणं म्हणजे जिवंत माणसं, काळी बटणं म्हणजे 'उठलेले', त्या राज्याच्या राणीनं कबरीतून उठवलेले मुडदे; ही बाजू कायम सलीमभाईंची. आधी असला गेम सलीमभाई मोबाइलवर खेळायचे. पण आमच्याकडे रेंज येते कमी आणि जाते जास्त, म्हणून त्यांनी तो टेबलावर आणला.

खरं कारण आम्हाला ठाऊक होतं. पावसाळ्यात त्यांचे मोठे भाऊ गेले. दोघांनी मिळून चालवलेल्या दुकानात ते एकटे उरले. गेलेला माणूस परत येतो असं एखादं राज्य त्यांना हवं होतं.

*

पहिल्याच डावात नरेश, आमच्यातला धानवाला शेतकरी, पांढरी फौज घेऊन काळ्यांच्या गावावर चालून गेला.

"ते लढत नाई," सलीमभाई म्हणाले. "रोवणी करून राह्यले."

"मुडद्याले धान कायले लागते?"

"खायले नाई लागत. सवय जात नाई ना!"

नरेश पोट धरून हसला. मग एकदम गंभीर झाला. "मंग माही फौज धुऱ्यावरून जाईन. रोवलेलं तुडवाचं नाई!"

एकामागे एक, शेताच्या कडेनं गेलेली फौज राणीच्या पहारेकऱ्यांकडून गारद व्हायला कितीसा वेळ लागतो? हरला बिचारा.

*

पुढच्या रविवारी त्यानं वचपा काढला. गावच जाळलं! सगळी काळी बटणं डब्यात. पूर्ण पॉइंट.

कोणी टाळी वाजवली नाही.

"मी जिंकलो ना? मंग माह्याकडं असे काऊन पाहून राह्यले?"

चहा तसाच टाकून गेला. त्या दिवशी मलाही करमलं नाही.

*

पण काळी बटणं काही साधुसंत नव्हेत हं! माझा एक शिपाई पडला, आणि पुढच्याच फेरीत काळा होऊन माझ्यावर धावून आला. मी मास्तर माणूस, अन्याय सहन होत नाही.

"सर, आमच्यात पैदा कोनी होत नाई," सलीमभाई म्हणाले. "मंग माणसं आनाची कुठून?"

पटसंख्या घसरली की मीही घरोघरी फिरतोच.

*

सरकारी दवाखान्यातल्या नर्स वंदनाबाई एकदा उठलेल्यांची चौकशी करायला लागल्या.

"त्यायले सुट्टी?"

"नाई. राणीचं काम."

"झोप?"

"नाई. कधीच नाई."

"म्हणजे आमच्यासारखंच!"

हसलो सगळे. बाई मात्र हसल्या नाहीत. "उठवाच्या आधी त्याले विचारत तरी जा, भाऊ. वॉर्डात बी पेशंटले कोणी विचारत नाई."

तेव्हापासून रूल झाला. मेलेल्याला विचारायचं आणि फासा टाकायचा. सम आलं तर तो 'येतो' म्हणाला, विषम आलं तर 'राहू द्या'. या रूलनं नरेशला नवा धंदा मिळाला. फासा रेघेवर थांबला, टेबल हललं, वारा आला. प्रत्येक फाशाला भांडण!

*

परवा सलीमभाईंनी खिशातून एक पितळी बटण काढलं. भावाच्या शेरवानीचं.

"आज याले विचारतो."

त्यांनी बटण टेबलावर ठेवून फासा उचलला.

"भाईजान, येता का?"

फासा गरगर फिरला आणि थांबला. चार!

सलीमभाई फाशाकडे बघत राहिले. मग त्यांनी त्यावर तळहात ठेवला.

"तीन आले. 'राहू द्या, झोपू द्या' म्हनते," म्हणाले.

वंदनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. प्रत्येक फाशाला भांडणारा नरेश खाली मान घालून म्हणाला,

"तीनच हायेत, भाऊ. मी पाह्यलं."